सगळीकडे '= ०' टाकून वॉर्निंग घालवाव्यात का? (सी, जीसीसी आणि दुधाचा कूलर)

अर्धविराम (धागालेखक)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी तांत्रिक विभागात धागा काढतोय. कोड चिकटवला की इथला एडिटर कंस गिळतो, त्यामुळे शब्दांतच सांगतो.

आम्ही बल्क मिल्क कूलरचे कंट्रोलर बनवतो. गावच्या संकलन केंद्रावर दूध येतं, टाकीत पडतं, ते ४ अंशांपर्यंत थंड करायचं आणि टँकर येईपर्यंत तसंच धरून ठेवायचं, एवढंच त्या डब्याचं काम. तापमान वर गेलं की कॉम्प्रेसर चालू, खाली आलं की बंद. कोड सी मध्ये, दहा-बारा वर्षांचा, चार जणांच्या हातांतून गेलेला. (त्यातले दोघं आता बंगळुरूला आहेत आणि फोन उचलत नाहीत.)

आजवर जुन्या जीसीसीवर (सीचा कम्पायलर) -ओ० ने, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद ठेवून, बिल्ड करायचो. कारण विचारलं तर "ओ२ लावलं की बोर्ड येड्यासारखं करतं" एवढंच पिढीजात उत्तर. गेल्या महिन्यात फ्लॅश (चिपमधली प्रोग्रॅमची जागा) भरत आली म्हणून जीसीसी १३ वर आलो, -ओ२ लावलं आणि पहिल्यांदाच -डब्ल्यूऑल (नेहमीच्या वॉर्निंग दाखवणारा पर्याय) चालू केलं. वॉर्निंगचा पूर आला. त्यातल्या ४१ एकाच जातीच्या: अमुक व्हेरिएबल कदाचित मूल्य न देताच वापरलं जातंय.

सोमवारी नवीन सहकाऱ्याने (हुशार पोरगा आहे, गैरसमज नको) जेवण झाल्यावर बसून ४१ च्या ४१ घालवल्या. प्रत्येक डिक्लेरेशनपुढे '= ०'. बिल्ड स्वच्छ, साहेब खूश. मर्ज रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) माझ्याकडे पडून आहे आणि माझं बोट काही त्या बटणाकडे जात नाही. का, ते मला धड सांगताही येत नाहीये.

नमुना देतो. 'तापमान तपासा' नावाचं फंक्शन. आत १६ बिटांचा 'टेंप', अंशाच्या दहाव्या भागात (४.१ अंश म्हणजे ४१). सेन्सर वाचला आणि सीआरसी (वाचन बिनचूक आलं का ते सांगणारा पडताळा-आकडा) जुळला तर टेंपमध्ये आकडा जातो. नाही जुळला तर लॉगमध्ये एक ओळ पडते. मग दोन्ही वाटा एकत्र येतात, टेंप मर्यादेच्या वर आहे का बघतात आणि कॉम्प्रेसरचं ठरवतात.

मर्ज करू का?

शून्यवादी

करा. डोळे झाकून करा. आज तुमच्या टेंपमध्ये काय आहे हे ब्रह्मदेवाला माहीत नाही, उद्या निदान शून्य असेल. बग असलाच तर रोज एकसारखा दिसेल. एकसारखा दिसणारा बग सापडतो, अमावस्येला दिसणारा सापडत नाही. एवढ्यासाठी धागा?

पहिल्या_बाकावरचा

मी सेकंड इयरला आहे. आम्हाला व्हायवाला हमखास विचारतात, "लोकल व्हेरिएबलची डीफॉल्ट व्हॅल्यू काय?" उत्तर "गार्बेज व्हॅल्यू". मग वॉर्निंग कशाला हवी? सगळ्यांना माहीतच असतं की गार्बेज आहे.

खोडरबर

अर्धविराम, थांबा जरा. सीआरसी चुकला, टेंप शून्य. म्हणजे ०.० अंश. कॉम्प्रेसर काय करेल?

अर्धविराम

बंद होईल.

खोडरबर

आणि सेन्सरची वायर उंदराने कुरतडली असेल तर?

अर्धविराम

बंदच राहील. रात्रभर.

अरे देवा.

टिंबटिंब

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. किंवा या धाग्यावर ताक शोभेल.

शून्यवादी

ठीक आहे, या एका ठिकाणी शून्य चुकलं. मग ९९९ टाका, कॉम्प्रेसर चालू राहील. मुद्दा तोच आहे: काहीतरी ठाम मूल्य द्या.

खोडरबर

९९९ टाकलं तर कॉम्प्रेसर थांबणारच नाही. दूध उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठायला लागतं. टाकीच्या बुडाला बर्फ धरेल, सकाळी डेअरीवाला फॅट लावताना शिव्या घालेल. तिथे कुठलाच आकडा बरोबर नाही हो. सेन्सर बोलत नसेल तर तापमान माहीत नाही, आणि 'माहीत नाही' हे १६ बिटांत मावत नाही. कम्पायलर बिचारा तेच सांगत होता. त्याला गप्प केलं, प्रश्न तसाच राहिला.

जुनाखोड

धागा उशिरा पाहिला. दोन-तीन गोष्टी सुट्या सुट्या लिहितो.

एक म्हणजे, जुना कोड इतकी वर्षं चालला कसा? माझा अंदाज असा. -ओ० वर प्रत्येक लोकल व्हेरिएबलला स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) ठरलेली जागा मिळते. तुमचं फंक्शन त्याच मुख्य लूपमधून, त्याच खोलीवरून, दर सेकंदाला बोलावलं जात असणार. सीआरसी चुकला की टेंपच्या जागेवर मागच्या फेरीतला आकडा तसाच पडलेला असायचा, मध्ये कोणी तिथे लिहिलं नसेल तर. म्हणजे कोणी न लिहिलेलं 'शेवटचं चांगलं तापमान धरून ठेवा' हे फीचर तुम्हाला फुकटात मिळालं होतं. भाड्याची खोली रिकामी करताना आधीचा भाडेकरू उशी विसरून गेला आणि तुम्ही ती घरमालकाची सोय समजून वापरत राहिलात, तसं.

-ओ२ वर टेंप स्टॅकवर उरतोच असं नाही. तो रजिस्टरात (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) जातो, आणि त्या क्षणी त्या रजिस्टरात दुसऱ्याच कामाचा आकडा असतो. तुमचं "ओ२ ला बोर्ड येडं होतं" ते हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

-ओ० वर सुद्धा हा जुगारच. कॉर्टेक्स-एम जातीचा प्रोसेसर असेल तर इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा इशारा) आला की हार्डवेअर स्वतःहून आठ शब्द स्टॅकवर ढकलतं. नेमका दोन फेऱ्यांच्या मध्ये आला तर उशी गायब. फील्डवरून कधी 'मध्येच एकदा भलताच आकडा दिसला' अशी तक्रार आली होती का, बघा.

वॉर्निंग आधी का दिसली नाही? एक तर -डब्ल्यूऑल नव्हतं. पण असतं तरी फारसं काही दिसलं नसतं. जीसीसीत या दोन वेगळ्या वॉर्निंग आहेत. 'अनइनिशिअलाइज्ड' म्हणजे नक्की वापरलंय. 'मेबी-अनइनिशिअलाइज्ड' म्हणजे एखाद्या वाटेने वापरलं जाऊ शकतं. ४.७ आवृत्तीत, २०१२ साली, ही फोड झाली. दुसरीला ऑप्टिमायझेशनचं विश्लेषण लागतं, -ओ० वर ती डोकं वर काढत नाही. क्लँगचं (दुसरा सी कम्पायलर) तसं नाही. तो ऑप्टिमायझेशनच्या आधीच, फ्रंट-एंडमध्ये, वाटा तपासतो, त्यामुळे -ओ कितीही असो, उत्तर तेच. शक्य असेल तर तोच कोड एकदा क्लँगमधून काढा, -डब्ल्यूऑलमध्ये त्याची 'समटाइम्स-अनइनिशिअलाइज्ड' आपोआप येते. 'कंडिशनल-अनइनिशिअलाइज्ड' मात्र वेगळी मागावी लागते.

जुनाखोड

@पहिल्या_बाकावरचा, बाळा, तुझ्या प्रश्नाकडे कोणी बघितलं नाही. 'गार्बेज व्हॅल्यू' या शब्दाने आपल्याकडे दोन पिढ्या बिघडवल्या. ऐकणाऱ्याला वाटतं की डब्यात जुना कचरा आहे, कुठला ते माहीत नाही, पण एक काहीतरी आहे. स्टँडर्ड एवढीही हमी देत नाही. तिथला शब्द 'अनिश्चित', इन्डिटर्मिनेट. ज्याचा पत्ता कुठेही घेतलेला नाही अशा लोकल व्हेरिएबलचं मूल्य न देता वाचन केलं तर सी११ पासून ते सरळ अव्याख्यित वर्तन, म्हणजे पुढे काय होईल याची कसलीच हमी नाही. (ती ओळ इटॅनियम प्रोसेसरमुळे आली. त्याच्या रजिस्टरांना 'इथे काहीच नाही' सांगणारा एक जादा बिट होता आणि तसं रजिस्टर वापरायला गेलं की ट्रॅप बसू शकायचा. प्रोसेसर गेला, ओळ राहिली.)

घरी करून बघ. फंक्शनला एक आर्ग्युमेंट 'सी'. आत इंट 'आय', मूल्य नाही. सी खरा असेल तर आय = ५. मग आय परत कर. -ओ२ ने जीसीसीतून काढ आणि असेंब्ली बघ. सरळ '५ परत कर', सी कडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. कारण एका वाटेने ५ येतोय, दुसऱ्या वाटेने 'काहीही' येतंय, आणि काहीही म्हणजे ५ सुद्धा चालतं. शिवाय वॉर्निंगही येत नाही! वॉर्निंग देणारा टप्पा येईपर्यंत 'काहीही'ची वाट पुसून गेलेली असते. जीसीसीच्या बगझिलात (बगच्या नोंदवहीत) २००४ पासून हा क्रमांक १८५०१ म्हणून पडून आहे. क्लँग तिथे बोंबलतो.

तेव्हा व्हायवाला 'गार्बेज' सांग, मार्क घे, आणि बाहेर आल्यावर विसर.

पहिल्या_बाकावरचा

करून बघितलं. खरंच ५ येतंय 😳 आमच्या लॅबमध्ये अजून निळ्या स्क्रीनचं टर्बो सी आहे, तिथे वेगळंच येतं. आणि व्हिज्युअल स्टुडिओत असा एक प्रोग्रॅम केला तर नेहमी -८५८९९३४६० येतो, मला वाटायचं माझाच लॅपटॉप खराब आहे.

खोडरबर

लॅपटॉप धडधाकट आहे. डीबग बिल्डमध्ये मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर स्टॅक मुद्दाम हेक्स सीसी या बाइटने भरतो. चार सीसी एकत्र वाचले की तो आकडा. दिसला की समजायचं कोणीतरी मूल्य द्यायला विसरलंय. रिलीज बिल्डमध्ये ही भरणी नसते, म्हणून "माझ्याकडे चालतंय" संप्रदाय फोफावतो.

शून्यवादी

मंडळी, तुम्ही एका दुधाच्या टाकीवरून जगाला नियम लावताय. माझी बाजू पुराव्यानिशी मांडतो. क्लँग ८ मध्ये २०१९ साली एक पर्याय आला, 'ट्रिव्हिअल-ऑटो-व्हार-इनिट'. लोकल व्हेरिएबलना कम्पायलर स्वतःच शून्य किंवा ठरावीक नक्षी भरतो. जीसीसीत तो १२ मध्ये, २०२२ साली आला. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ५.१५ पासून, कम्पायलरला जमत असेल तर, स्टॅक शून्याने भरणं हेच डीफॉल्ट आहे. अँड्रॉइड ११ पासून तिथेही तेच. ही माणसं खुळी आहेत? मूल्य न दिलेल्या स्टॅकमधून कर्नलची गुपितं बाहेर पडायची, स्ट्रक्चरच्या मेंबरांमधल्या पोकळीतून सुद्धा. ते भोक बुजवलं. शून्य हे सगळ्यांत कमी नुकसान करणारं मूल्य आहे: पॉइंटर शून्य तर प्रोग्रॅम पडतो, लांबी शून्य तर काही कॉपी होत नाही, इंडेक्स शून्य तर ॲरेच्या आतच राहतो.

कर्नलसाहेब

@शून्यवादी, सगळं खरं. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्यात.

तो पर्याय लावला तरी जीसीसी त्या व्हेरिएबलला 'मूल्य न दिलेलं'च समजतो आणि वॉर्निंग देतच राहतो. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे खाली जाळी बांधली, वर पहारेकरीही ठेवला. हाताने '= ०' लिहिलं की कम्पायलरच्या लेखी प्रोग्रॅमरने विचार करून शून्य दिलंय, पहारेकरी घरी. जीसीसी, क्लँग, व्हॅलग्रिंड (चालत्या प्रोग्रॅमच्या मेमरीवर नजर ठेवणारं टूल), सगळे एकदमच आंधळे होतात. पुढच्या वर्षी कोणी त्याच फंक्शनात आणखी एक वाट काढली आणि टेंप भरायला विसरला, तर कोणीही 'हूं' म्हणणार नाही.

कर्नलचीच आणखी एक गोष्ट. तिथे वर्षानुवर्षं एक मॅक्रो होता, 'अनइनिशिअलाइज्ड-व्हार'. आत काय? 'एक्स = एक्स'. स्वतःलाच स्वतःचं मूल्य. जीसीसी सी मध्ये त्यावर मुद्दाम गप्प बसतो ('इनिट-सेल्फ' वेगळं मागितल्याशिवाय). "मला माहीत आहे मी काय करतोय" असं सांगायची ती खूण. झालं काय, की लोकांना वाटत होतं त्यापेक्षा कमी माहीत होतं, आणि त्या मॅक्रोखाली खरे बग झाकले गेले. २०२० मध्ये ५.९ च्या वेळी तो मॅक्रो मुळासकट काढला.

आता तुमच्याच बाजूचा एक मुद्दा देतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतोय. त्याच २०२० च्या मे महिन्यात टोरवाल्ड्सने (लिनक्सचा जनक) कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमधून 'मेबी-अनइनिशिअलाइज्ड' बंद करून टाकली. जीसीसी १० ने इतक्या खोट्या वॉर्निंग द्यायला सुरुवात केली की खऱ्या त्यात हरवायला लागल्या. तेव्हा जीसीसी म्हणतोय ते ब्रह्मवाक्य असंही नाही.

इसारकाठची

मी आधी पुण्यात, आता म्युनिकला, दोन्हीकडे गाड्यांचंच सॉफ्टवेअर. मिस्रा सी २०१२ (गाड्यांसारख्या ठिकाणी पाळायची सीची नियमावली) चा नियम ९.१ हेच सांगतो: लोकल व्हेरिएबल मूल्य देण्याआधी वाचायचं नाही. तो 'मॅन्डेटरी' वर्गातला आहे, म्हणजे 'रिक्वायर्ड' नियमांसारखं डेव्हिएशन लिहून सुटका नाही. गंमत अशी की हा नियम पाळायला म्हणून पुण्यातल्या अर्ध्या टीम सगळीकडे शून्य टाकतात आणि रिपोर्ट हिरवा झाला की चहाला जातात. नियम वाचण्याबद्दल आहे, डिक्लेरेशनबद्दल नाही!

खोट्या वॉर्निंगचे माझ्या अनुभवातले नेहमीचे गिऱ्हाईक सांगते. सगळ्यांत जास्त सापडतो तो 'एकच अट दोनदा' प्रकार. वर 'मोड ऑटो असेल तर एक्स भर', मध्ये पन्नास ओळी, खाली 'मोड ऑटो असेल तर एक्स वापर'. माणसाला दिसतं की जोडी आहे. जीसीसीलाही साध्या जोड्या कळतात, पण मध्ये एखादं दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन आलं आणि मोड ग्लोबल असेल तर त्याने मोड बदलला नाही याची खात्री तो कुठून देणार? खरं तर तुम्हीही देऊ शकत नाही. अशा ठिकाणी वॉर्निंग खोटी म्हणण्याआधी मी दोन्ही तुकडे एका 'इफ'खाली आणता येतात का बघते. बहुतेक वेळा येतात, आणि कोड आधीपेक्षा वाचनीय होतो.

दुसरा, इनमवरचा (नावं दिलेल्या पर्यायांच्या यादीवरचा) स्विच. सगळे केस लिहिलेत, डीफॉल्ट नाही. सी मध्ये इनममध्ये भलताच आकडा बसू शकतो, त्यामुळे कम्पायलर म्हणतो, एकही केस लागला नाही तर? इथे लोक डीफॉल्टमध्ये 'असर्ट शून्य' टाकतात. डीबगमध्ये वॉर्निंग जाते, रिलीजमध्ये एनडीबगने (असर्ट बंद करणारी व्याख्या) असर्ट पुसलं जातं आणि वॉर्निंग परत! मग म्हणतात कम्पायलर लहरी आहे. डीफॉल्टमध्ये खरंच काहीतरी करा, फॉल्ट स्टेटला जा, रीसेट घ्या, काहीही, पण रिलीजमध्ये उरेल असं.

आणि जिथे सुरुवातीच्या मूल्याला अर्थ आहे तिथे ते जरूर द्या. बेरीज शून्यापासून सुरू होते. पॉइंटर नलपासून, म्हणजे एररवर शेवटी उडी मारून 'फ्री' केलं तरी धोका नाही, नलला फ्री करणं चालतं. माझा एकच प्रश्न असतो रिव्ह्यूमध्ये: "हे शून्य कशाचं?" उत्तर देता आलं तर राहू दे. "वॉर्निंग येत होती" हे उत्तर आलं तर परत पाठवते.

सदाशिव_पॉइंटर

रस्टमध्ये लिहा.

जुनाखोड

जावातही चालेल, तिथे पहिल्या दिवसापासून हा एररच आहे. पण त्यांच्याकडे बारा वर्षांचा कोड आणि काठोकाठ भरलेली फ्लॅश आहे.

टिंबटिंब

वॉर्निंग गप्प करण्याचा विषय निघालाय आणि अजून डेबियनची (लिनक्सचं एक वितरण) कथा कोणी सांगितली नाही? ताक बाजूला ठेवतो.

२००६. ओपनएसएसएलवर (एन्क्रिप्शनची लायब्ररी) व्हॅलग्रिंड चालवलं की तक्रारींचा पाऊस पडायचा: मूल्य न दिलेली मेमरी वाचताय. आणि ते खरं होतं. यादृच्छिक आकड्यांच्या कुंडात ओपनएसएसएल एका ठिकाणी मुद्दामच मूल्य न दिलेला बफरही ओतायचं, मिळाला तेवढा गोंधळ बरा म्हणून. डेबियनच्या पॅकेज सांभाळणाऱ्याने ओपनएसएसएलच्या मेलिंग लिस्टवर विचारलं, फार विरोध झाला नाही, आणि त्याने सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी काढल्या. एक ओळ ती, मूल्य न दिलेल्या बफरची. ती गेली तरी बिघडत नव्हतं. दुसरी ओळ मात्र ज्यातून *सगळा* खरा गोंधळ कुंडात पडायचा ती मुख्य नळी होती. तिथेही कधीमधी मूल्य न दिलेला बफर यायचा, म्हणून व्हॅलग्रिंड तिच्याकडेही बोट दाखवत होतं.

नळी बंद. कुंडात जाणारा एकच पदार्थ उरला, प्रोसेसचा क्रमांक. तो जास्तीत जास्त ३२,७६८ तऱ्हांचा. म्हणजे एका जातीच्या मशीनवर, एका लांबीच्या, जेमतेम तेवढ्याच वेगवेगळ्या किल्ल्या! १३ मे २००८ ला जाहीर झालं तोवर जवळपास वीस महिने डेबियन आणि उबंटूवर लोक असल्या किल्ल्या बनवत होते. मी तेव्हा एका ठिकाणी सर्व्हर सांभाळायचो. तो आठवडा फक्त किल्ल्या बदलण्यात गेला, घरी जेवायला गेलो नाही.

बाकी व्हॅलग्रिंड एक अक्षरही खोटं बोललं नव्हतं.

शून्यवादी

कथा भारी आहे, पण ती माझ्याविरुद्ध कशी? त्याने शून्य टाकलं असतं तर काहीच झालं नसतं! बफर शून्य केला असता, व्हॅलग्रिंड गप्प, नळी शाबूत.

टिंबटिंब

...हे मात्र बरोबर आहे. टाळी.

कर्नलसाहेब

मान्य. पण त्यालाही 'हा बफर कशाचा' हे आधी कळावं लागलं असतं. कळलं असतं तर ओळही काढली नसती.

खोडरबर

@अर्धविराम, कामाचं सांगतो. ४१ वॉर्निंगच्या पलीकडेही बघा, कारण ज्या येत नाहीत त्या जास्त त्रास देतात. व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनला दिला की कम्पायलर समजतो, ते भरून देईल. 'स्कॅनएफ'ला पत्ता दिला, वापरणाऱ्याने आकड्याऐवजी अक्षर टाइप केलं, स्कॅनएफ काहीच न भरता परतलं, आणि परतीचा आकडा कोणी तपासला नाही. वॉर्निंग शून्य, बग शंभर टक्के. सेन्सर वाचणारं तुमचं फंक्शन असंच पत्त्यातून मूल्य देत असेल तर त्याचे बाकीचे वापरही तपासा. परतीचा निकाल न बघितल्यास ओरडायला जीसीसीत 'वॉर्न-अनयूज्ड-रिझल्ट' ॲट्रिब्यूट आहे, ते त्या फंक्शनवर लावा.

बोर्डवर व्हॅलग्रिंड चालणार नाही. पण तर्काचा भाग वेगळा काढून लॅपटॉपवर बिल्ड करता येतो: सेन्सरच्या जागी खोटं फंक्शन, जे मधूनमधून सीआरसी चुकवतं. मग व्हॅलग्रिंड 'ट्रॅक-ओरिजिन्स' लावून चालवा. तो मूल्य नुसतं कॉपी झालं तर काही बोलत नाही, त्याच्यावर निर्णय घेतला की बोलतो, आणि ते मूळ कुठल्या स्टॅकवरचं हेही सांगतो. क्लँगचा मेमरी सॅनिटायझर जास्त वेगवान आहे, पण सगळ्या लायब्ऱ्याही त्यानेच बिल्ड कराव्या लागतात, नाहीतर उगाच बोंबा. जीसीसीत तो नाही. आणि या चाचण्या मर्ज रिक्वेस्टच्या *आधीच्या* कोडवर करा. '= ०' टाकल्यावर व्हॅलग्रिंडला काय दिसणार, कपाळ?

मोदकप्रिया

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या टीमला लिंक पाठवली आहे. अर्धविराम, पुढे काय झालं ते लिहा.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, चार दिवस गायब होतो. वृत्तांत देतो.

जुनाखोड काका, तक्रारींचं रजिस्टर काढलं. "डिस्प्लेवर एकदाच ३०० च्या वर आकडा दिसला, मग नीट" अशा तीन नोंदी, वेगवेगळ्या केंद्रांवरच्या. तिन्हींपुढे आमच्याकडून लिहिलंय: 'व्होल्टेज फ्लक्च्युएशन'. 🙏

मग टेबलावर प्रयोग केला. टाकीऐवजी बादली, सेन्सर पाण्यात, आणि चालू असताना वायर उपटली. जुना -ओ० बिल्ड: डिस्प्लेवर ४.१ तसंच, मी बादलीत गरम पाणी ओतलं तरी ४.१. नवीन -ओ२ बिल्ड, दुरुस्तीशिवाय: दर वेळी तोच विचित्र आकडा, कॉम्प्रेसरचा रिले कायम चालू. '= ०' वाला बिल्ड: ०.०, रिले बंद, गरम पाण्यातही बंद. तो पोरगा शेजारीच उभा होता. काही बोलला नाही, नुसता बादलीकडे बघत राहिला.

गंमत म्हणून शून्यवादींचा पर्यायही 'पॅटर्न' लावून पाहिला. जीसीसी प्रत्येक बाइट हेक्स एफई ने भरतो. १६ बिटांत ते होतं उणे २५८. म्हणजे उणे २५.८ अंश! रिले बंदच. कर्नलवाल्यांना जे मूल्य ओरडून सांगणारं वाटतं ते आमच्याकडे नुसतं कडाक्याच्या थंडीसारखं दिसतं. त्यापेक्षा आमचा सेन्सर शहाणा. डीएस१८बी२० आहे, पॉवर दिल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत तो ८५ अंश सांगतो. दुधाच्या टाकीत ८५ बघून कोणीही दचकेल.

आता फंक्शन असं आहे: सीआरसी चुकला की तिथूनच परत, टेंपपर्यंत जायचंच नाही. टेंपचं डिक्लेरेशनही खाली आणलं, मूल्य मिळतं त्याच ओळीवर. लागोपाठ पाच वेळा चुकला की सेन्सर फॉल्ट, बझर, आणि कॉम्प्रेसर ठरावीक मिनिटं चालू, ठरावीक मिनिटं बंद. बाजारातल्या बऱ्याच रेफ्रिजरेशन कंट्रोलरमध्ये सेन्सर गेल्यावर हीच सोय असते, आमच्याकडेच नव्हती. मिनिटं किती ठेवायची यावर साहेबांशी अजून वाद चालू आहे.

बाकीच्या ४० पैकी बहुतेक इसारकाठची ताईंनी सांगितलेल्या 'एकच अट दोनदा' जातीच्या निघाल्या. बऱ्याचशा डिक्लेरेशन खाली सरकवल्यावर आपोआप गेल्या. सात ठिकाणी शून्य खरंच बरोबर होतं, ती ठेवली. आणखी एक खरा बग सापडला, मोडेमच्या उत्तराची लांबी टाइमआउट झाला तर भरलीच जात नव्हती. तिथे मात्र शून्यवादी जिंकले, लांबी शून्यच हवी होती.

मर्ज रिक्वेस्ट त्या पोराने स्वतःच बंद करून नवीन उघडली.

एकच अडचण उरलीय. चिप कंपनीने दिलेल्या लायब्ररीत अशाच नऊ वॉर्निंग आहेत. त्या फाइलना आम्ही हात लावत नाही, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. पण -डब्ल्यूएरर (वॉर्निंगलाही एरर धरणारा पर्याय) लावायचंय, आणि त्या नऊ असताना बिल्ड अडतो. काय करता तुम्ही?

इसारकाठची

हेडरमधल्या असतील तर त्या फोल्डरचा मार्ग '-आय'ऐवजी '-आयसिस्टम'ने द्या, जीसीसी तिकडच्या वॉर्निंग दाबतो. सी फाइलमधल्या असतील तर मेकफाइलमध्ये फक्त त्या फाइलपुरतं 'नो-एरर' लावा, वॉर्निंग बंद करू नका. आणि नऊच्या नऊ एकदा वाचून काढा. आमच्या इथे अशाच एका लायब्ररीत दोन खऱ्या निघाल्या होत्या.

कर्नलसाहेब

एक पुस्ती. त्या लायब्ररीत युनियन (एकाच जागेत बसणारे अनेक मेंबर) असतील आणि '=' पुढे महिरपी कंसात शून्य लिहून अख्खी युनियन शून्य झाली असं कोणी गृहीत धरलं असेल, तर जीसीसी १५ ला जाताना जपून. तिथे आता लोकल युनियनच्या फक्त पहिल्या मेंबरची हमी आहे. जुनं वागणं हवं तर 'झीरो-इनिट-पॅडिंग-बिट्स'ला 'युनियन्स' द्यावं लागतं.

अर्धविराम

आहेत. चौदा युनियन आहेत. 😐

जुनाखोड

त्याला वेगळा धागा काढा.